थ्री नॉट थ्री: बोल्टला बोल, आणि लाकूड निर्दोष?

नमस्कार. तुमचा आक्षेप असा: थ्री नॉट थ्री म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, तिचे लॉकिंग लग (बार उडताना बोल्ट अडकवून धरणारे खुंटे) मागे, म्हणून ती कमकुवत आणि म्हणूनच नेम बेभरवशाचा; पुढे लग असलेल्या जर्मन माउझर ९८ रायफलीपुढे तिचं कौतुक म्हणजे निव्वळ जुन्याचा लळा.

लग मागे आहेत, हे मान्य. बार उडाला की अख्खा बोल्ट किंचित दबतो, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते धातूचं घर) ताणतो आणि पुंगळी, म्हणजे काडतुसाचं पितळी आवरण, लांबते. तिच्या बुडापासून सेंटिमीटरभर वर चकाकती कडी दिसली, तर पुढच्या वेळी ती तिथेच तुटणार. पण ऐसपैस चेंबरही (नळीतली काडतूस बसायची जागा) याला तितकंच जबाबदार. चिखलमातीतलं काडतूससुद्धा बसावं म्हणून ते तसं ठेवलेलं. हेडस्पेस (बोल्टच्या तोंडापासून काडतुसाची कड टेकते तिथवरचं अंतर) रिमवर, म्हणजे या कडेवर मोजायची, ०.०६४ ते ०.०७४ इंच. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर रिसीव्हरशी जुळत नसेल, तर गेज (हेडस्पेस तपासायचं माप) लावल्याशिवाय एकही गोळी झाडू नका.

नेमाचं म्हणाल, तर १०० यार्डांवर ३-४ इंचांचा ग्रुप (गोळ्यांच्या छिद्रांचा झुबका) आला तरी समाधान मानावं. गंमत पुढे आहे. ज्या लवचीकपणावर तुमचा राग, त्यामुळेच कमी वेगाची गोळी नळीचं तोंड जरा वर असताना सुटते आणि वेगवान गोळी खाली असताना. परिणामी ९००-१००० यार्डांवर उभा फैलाव अपेक्षेपेक्षा कमी भरतो.

खरी डोकेदुखी लाकडाची, आणि तुम्ही तिला हातच लावला नाहीत. पुढचा दस्ता (नळीखालचं लाकूड) सीअर लगच्या, म्हणजे रिसीव्हरखालच्या खुंट्याच्या, दोन्ही बाजूंना रिसीव्हरला टेकतो. पुण्यात एप्रिलमध्ये तिथलं लाकूड आकसतं, जुलैत फुगतं. एका बाजूला फट पडली की ग्रुप भरकटतो, पुढे लाकूड चिरतं. इशापूरच्या रायफल कारखान्याने दस्त्यात आडवा स्क्रू घातला तो यासाठीच. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू करकचून आवळणं हा उपाय नव्हे (सगळे आधी तेच करतात). रिसीव्हरच्या टेकणाऱ्या भागाला काजळी लावा, दस्ता बसवून काढा. दोन्हीकडे सारखा डाग हवा. नसेल तर कमी बाजूला लाकडाची चिपटी चिकटवून कानशीने जुळवा. मग कच्चं जवसाचं तेल.

पावसाळ्यात चेंबर आणि काडतूस कोरडं ठेवा. ओली किंवा तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा धक्का बोल्टवर येतो. तुमची भीती इथे मात्र रास्त. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या ‘केएफ’ शिक्क्याच्या जुन्या काडतुसांची टोपी (ठिणगी देणारा बुडाचा भाग) नळीत क्षार सोडते. नुसत्या तेलाने तो विरघळत नाही. त्याच दिवशी चेंबरकडून नरसाळ्याने लिटरभर उकळतं पाणी, मग कोरडी निघेपर्यंत ४ बाय २ इंचांची चिंदी, शेवटी तेल. बोल्टहेडही पुसा.

आपल्याकडे .३०३ निषिद्ध बोअर, म्हणजे साध्या लायसन्सवर न मिळणारी. लायसन्सवर मिळते ती इशापूरची .३१५, ॲक्शन (बोल्ट-रिसीव्हरची यंत्रणा) ली-एनफिल्डचीच. काजळीची तपासणी तिलाही करा. .३०३ चं गेज मात्र तिला लावू नका, काडतूस वेगळं आहे.