अंदमानात संध्याकाळ पाचलाच संपते, भिया

आम्हा इंदूरकरांचा दिवस खरं तर रात्री दहाला सुरू होतो, सराफ्यातली सोन्याची दुकानं बंद झाली की त्यांच्याच ओट्यांवर गराडू आणि भुट्ट्याचा कीस मांडला जातो तेव्हा. अशा माणसानं डिसेंबरात अंदमानला जावं का? जावं, पण मला विचारून जावं. मला सांगणारे रामबागेत पंधरा जण भेटले, टोपी घ्या, सनस्क्रीन घ्या, पण ज्याच्यासाठी हे सगळं घ्यायचं तो सूर्य मावळतो कधी हे एकही बोलला नाही.

घड्याळ तेच हो आपलं, पण बेटं इतकी पूर्वेला की सूर्य इंदूरपेक्षा तासभर आधी डोक्यावर येतो. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, आम्ही दाबून जेवलो, वामकुक्षी झाली, चहा झाला आणि साडेपाचला थाटात राधानगर बीचवर पोचलो, सनसेट बघायला. सनसेट कधीच उरकला होता. लोक टॉवेल झटकत परत निघालेले. अंधारात आईनं विचारलं, "अरे, लाइट गेले का?"

आईला आधी सावरकरांची कोठडी बघायची होती आणि आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलो सोमवारी. सेल्युलर जेल सोमवारी बंद! मंगळवारी गेलो, आईनं कोठडीच्या उंबऱ्याबाहेर चपला काढल्या, आणि दहा मिनिटं आमच्यातलं कोणीच काही बोललं नाही, एरवी आम्ही न बोलता दहा सेकंद काढत नाही.

मग बोट. श्री विजयपुरमहून (पोर्ट ब्लेअरच, 2024 ला नाव बदललं) हॅवलॉक दोनेक तास, सीझनमधे तिकिटं आधीच काढून ठेवा. बायको म्हणाली, "अहो, उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्या." म्हटलं, भेरूघाट बसनं केलाय मी, तेही कचोरी खाऊन. तर घाटाला निदान वळणं दिसतात हो, समुद्राचं काही सांगता येत नाही, सीट मधली आणि खालची घ्या आणि गोळी आधी घ्या, डोलायला लागल्यावर घेतलेली गोळी बाहेरच येते, सोबत लौंग सेवही.

आणि शंख-शिंपले, प्रवाळ काही उचलू नका, परवानगी नाही. आमच्या चिरंजिवांच्या मोज्यातून एअरपोर्टवर जे निघालं त्याबद्दल घरात बोलायला बंदी आहे.

परत आल्यावर पहिल्याच रात्री सगळे सराफ्यात. दहीवडेवाल्यानं दोना वर उडवून झेलला, गर्दी टाळ्या वाजवत होती आणि आमचं अख्खं खानदान जांभया देत होतं. सव्वादहाच वाजले होते. आई म्हणाली, "पार्सल घे रे, सकाळी चारला उठल्यावर खाऊ."