जावा येणार, मंगळवारी

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचे खाडे, गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि आईच्या बीपीच्या गोळ्या संपण्याचा दिवस, एवढ्याच नोंदी असतात. २०२३ साली त्यात मी एक भर घातली. १९ सप्टेंबरच्या चौकोनात बारीक अक्षरात लिहिलं : ‘जावा येणार’.

त्याच चौकोनात गणेश चतुर्थी होती, हे माझ्या लक्षात होतं. आईला दोन जावा आहेत, एक सांगलीला आणि एक कराडला, हे मात्र लक्षात नव्हतं.

तिनं आठवडाभर एक शब्द काढला नाही. उकडीच्या मोदकांची पिठी तेवढी दुप्पट दळून आणली. शेवटी आदल्या रात्री न राहवून म्हणाली, “माझ्या जावा येणार आणि मलाच पत्ता नाही! तुला कुणी फोन केला? धाकटीनं?”

मग मी तिला समजावलं, की ही जावा म्हणजे कॉम्प्युटरची भाषा. तिची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते, मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. यंदाची एकविसावी.

“म्हणजे जेवायला कुणी नाही?”

“नाही.”

“मग एवढं काय त्यात?”

याचं उत्तर माझ्याकडे अजूनही नाही. पण डिसेंबर-जानेवारीपासूनच मी पुढच्या आवृत्तीत काय असेल याचा माग काढत असतो. जूनच्या सुरुवातीला यादी गोठते, त्यानंतर नवीन काही आत येत नाही. ऑगस्टमध्ये जवळजवळ अंतिम बिल्ड मिळतं. ते मी उतरवून घेतो, चालवून पाहतो, आणि तरीही सप्टेंबरच्या त्या मंगळवारी संध्याकाळी जणू काहीच माहीत नसल्यासारखा पान रिफ्रेश करत बसतो. मुलगी बघून, पसंत करून, साखरपुडा करूनही अंतरपाट धरल्यावर उत्सुकतेनं वाकून बघणारे नवरदेव असतात, त्यातली गत.

त्या चतुर्थीलाही तसंच झालं. संध्याकाळची आरती सुरू, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात मोबाइल. बायकोनं घंटेचा ताल चुकल्यावर डोळे वटारले. पण मला वाट होती ती स्ट्रिंग टेम्प्लेटची. जावात एखाद्या वाक्यात नाव घालायचं तर अवतरणचिन्ह बंद करा, अधिकचं चिन्ह, नाव, परत अधिकचं चिन्ह, अवतरणचिन्ह पुन्हा उघडा. यात एक मोकळी जागा सोडायची राहिली की ग्राहकाला ‘प्रियकुलकर्णी’ अशी ईमेल जाते. (एकदा गेली होती. कुलकर्णी बाईंनी उत्तरही पाठवलं होतं, ते इथे नको.) आता एकविसाव्या आवृत्तीत नाव थेट वाक्यातच महिरपी कंसात लिहायची सोय येत होती. शेजारच्या भाषांमध्ये ती कधीची होती. आपल्याकडे प्रिव्ह्यू म्हणून, म्हणजे अजून पक्की न केलेली, वापरून बघण्यापुरती का होईना, आली!

मी चौतीस स्लाइडचं प्रेझेंटेशन केलं. शुक्रवारी ऑफिसात दिलं. सातजण आले, त्यातले चार सामोशांसाठी. शेवटी एका नव्या मुलानं हात वर केला, “सर, हे आपल्याकडे कधी वापरता येणार?”

इथे खुलासा करायला हवा. आमच्याकडे आठ आहे. जावा आठ, १८ मार्च २०१४ ची. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आली होती, आणि तो रंग आमच्या सर्व्हरवरून अजून निघालेला नाही. मॅनेजरांना मी दर सहा महिन्यांनी विचारतो. ते दर सहा महिन्यांनी विचारतात, “चालतंय ना?” मी म्हणतो, “चालतंय.” ते म्हणतात, “मग हात कशाला लावायचा?” या युक्तिवादाला जगात तोड नाही.

स्ट्रिंग टेम्प्लेटचं पुढे काय झालं ते ऐका. बाविसाव्या आवृत्तीत दुसरा प्रिव्ह्यू झाला. तेविसाव्यात ते काढूनच टाकलं. रचना मनासारखी जमली नाही, पुन्हा मुळापासून विचार करू, असं बनवणाऱ्यांनी मोकळेपणानं सांगितलं. ती तेविसावी आवृत्ती आली १७ सप्टेंबर २०२४ ला. कॅलेंडर काढून बघा : अनंत चतुर्दशी. चतुर्थीला आलेलं पुढच्या वर्षीच्या चतुर्दशीला गेलं! मी घाटावर पाट घेऊन उभा होतो. सगळे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर चौतीस स्लाइड पाण्यात चालल्या होत्या.

लोकांना वाटतं, नवी आवृत्ती हे तरुणांचं खूळ. पण आमच्यासारख्या आठवाल्यांना एकच गोष्ट मिळाली असती तरी पुरे होतं. ऑर्डरमधून ग्राहक काढा, ग्राहकातून पत्ता, पत्त्यातून पिनकोड, असं सगळं आम्ही एका ओळीत लिहितो. यातलं एक जरी रिकामं निघालं तर प्रोग्राम नल पॉइंटरची तक्रार करून आडवा होतो. ग्राहक रिकामा, की पत्ता? आठवी आवृत्ती एवढंच सांगते, की ओळ ४१२. म्हणजे घरात कुणीतरी रुसलंय हे कळतं, कोण ते सगळ्यांना विचारत फिरायचं. मार्च २०२० मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून कोण रुसलं ते नावानिशी सांगायची सोय आहे. मी घरच्या लॅपटॉपवर मुद्दाम चुका करून तो संदेश वाचतो. बरं वाटतं.

२०२५ ची पंचविसावी तर मला अगदी जवळची. जावाचा प्रोग्राम जिथून सुरू होतो तिथला ‘पब्लिक स्टॅटिक व्हॉइड मेन’ हा मंत्र पिढ्यान्‌पिढ्या आम्ही नवशिक्यांना “आत्ता पाठ कर, अर्थ नंतर” म्हणून दिला. आता नुसतं ‘व्हॉइड मेन’ लिहून भागतं. चार प्रिव्ह्यूंनंतर हे पक्कं झालं, त्यामुळे या वेळी मी स्लाइड शेवटपर्यंत केल्या नाहीत. अनुभवानं माणूस शहाणा होतो. तारीख होती १६ सप्टेंबर. आईनं कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाली, “पितृपक्षात? नवीन काही घरात आणायचं नाही हं.”

मी हसलो. पण खरं सांगतो, डाउनलोड घटस्थापनेला केलं. उगाच कशाला.

ऑफिसात मात्र बारमाही पितृपक्ष. २०१४ चे पूर्वज रोज ताट मागतात आणि आम्ही दुरुस्तीचे पॅच वाढतो. डिसेंबरात अचानक ईमेल आली : अपग्रेड मंजूर. मी खुर्चीतून उठलो. दुसरी ओळ वाचली आणि परत बसलो. आठवरून अकरावर. अकरावी आवृत्ती २५ सप्टेंबर २०१८ ची, तीही पितृपक्ष लागता लागता आलेली. हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “तरीच. रखडणारच.”

नव्या वर्षाचं कॅलेंडर आईनंच भिंतीला लावलं. चष्मा लावून मार्चचं पान उलटलं, पेन मागितलं, आणि १७ तारखेच्या चौकोनात स्वतः काहीतरी लिहिलं.

“मंगळवार आहे,” ती म्हणाली. “पाडवा गुरुवारी. तुझ्या जावा श्रीखंडाला थांबणार आहेत, की नुसतं तोंड दाखवून जाणार?”