पहिल्या पानाची गॅरंटी देणाऱ्यालाच धरा

वेबसाइट झाली, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, मेव्हण्यानं अंगठाही दाखवला. तरी गिऱ्हाईक फिरकत नाही. म्हणजे आता एसईओवाला, अर्थात गुगलच्या शोधात साइट वर आणून देणारा, गाठायला हवा. तसे कष्ट नाहीत, तोच तुम्हाला गाठेल. "सर, तुमची साइट बघितली, छान आहे, पण गुगलवर दिसत नाही" अशी मेल आली की डोळे झाकून विश्वास ठेवा. ही मंडळी इतकी कामसू, की "तुमची साइट सर्च इंजिनांत नोंदलेली दिसत नाही" अशी मेल त्यांनी खुद्द गुगललाही धाडली होती. गुगलनं आभार मानायचे सोडून तो मजकूर आपल्या मदतपानावर इशारा म्हणून लावला.

त्याच पानावर गुगल म्हणतं, पहिल्या क्रमांकाची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. पण गुगलला काय कळतंय गुगलमधलं? फरक दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष लागतं, असंही गुगल सांगतं. एवढं थांबायला तुम्ही काय रिकामटेकडे आहात? पंधरा दिवसांत पहिलं पान म्हणेल त्याला निम्मे पैसे आगाऊ द्या. "गुगलमध्ये आपला माणूस आहे" म्हणाला, तर पूर्ण द्या. आरटीओत असतो, तहसीलदार कचेरीत असतो, मग गुगलमध्ये का नसावा?

आता प्रात्यक्षिक. तो स्वतःचा फोन काढेल आणि टाइप करेल, 'कर्वेनगर हातच्या खपली गव्हाच्या कुरडया घाऊक विक्री'. आणि काय आश्चर्य, तुमचंच दुकान पहिलं! हे शब्द या क्रमानं आजवर कोणी टाइप केले नसतील, हा भाग अलाहिदा. "नुसतं 'कुरडई' टाकून बघू या का?" असं विचारून त्या भल्या माणसाचा अपमान करू नका. तुमच्या नावावर बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असं दिसलं, तर चष्मा काढून ठेवा. ती जाहिरात आहे आणि तिचे पैसे तुमच्याच खिशातून चाललेत, एवढं बारीक वाचायची काही गरज नाही.

महिनाअखेर पीडीएफ येईल. पानोपानी वर जाणारे हिरवे बाण. डोमेन अथॉरिटी, म्हणजे साइटच्या वजनाचा अंदाज, ८ वरून १९! हा आकडा मॉझ नावाची एक खासगी कंपनी काढते आणि गुगल तो क्रमवारीसाठी वापरत नाही, हे कोणी सांगितलं तर तो तुमच्या प्रगतीवर जळतोय असं समजा. फोन किती आले, माल किती गेला, हे पीडीएफमध्ये नसतं. तो तुमचा खासगी मामला आहे, त्यात ते कशाला पडतील?

पाचशे बॅकलिंक, म्हणजे दुसऱ्यांच्या साइटवरून तुमच्या साइटकडे येणाऱ्या लिंका, दिल्या म्हणतील. कुठून, ते विचारू नका. जुगाराच्या साइटवरून कुरडईला आलेली लिंक बघून घरी उगाच प्रश्न निघायचे. असल्या युक्त्या मोठमोठ्यांनीही केल्यात. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूच्या जर्मन साइटनं गुगलला एक पान आणि माणसांना दुसरं दाखवलं. गुगलनं साइट यादीतून काढून टाकली. २०११ मध्ये अमेरिकेतली जेसीपेनी ही दुकानसाखळी ढीगभर असंबद्ध साइटवरच्या लिंकांच्या जोरावर कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत पहिली येत होती. न्यूयॉर्क टाइम्सनं ते छापलं आणि ती कुठल्या कुठे खाली गेली. आम्हाला ठाऊकच नव्हतं, असं म्हणून कंपनीनं आपल्या एसईओवाल्याला नारळ दिला. म्हणजे बघा, तुम्ही केवढ्या थोरांच्या पंगतीला बसताय.

गुगलचं सर्च कन्सोल फुकट आहे. कोणत्या शब्दांनी किती लोक आले, गुगलनं दंड केलाय का, सगळं मालकाला त्यात दिसतं. त्याचं लॉगिन मागू नका. चार चौघांत हिशेब विचारणं आपल्यात बरं दिसत नाही. डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, तोही त्यांच्याच नावावर राहू द्या, नूतनीकरणाची कटकट नको.

पुढे एके दिवशी तुमच्या दुकानाचं नाव टाकूनही साइट दिसेनाशी झाली, तर घाबरू नका. "गुगलनं अल्गोरिदम बदललं सर, सगळ्यांचंच झालंय" असा फोन येईल. मागोमाग रिकव्हरी पॅकेजची पीडीएफ येईल. ते पॅकेज अर्थातच आधीच्या दुप्पट, आणि जीएसटी वेगळा.