एट्रुस्कन कांस्यपात्रांना 'नक्कल' म्हणणे अन्यायाचे आहे

प्राचीन इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या ब्राँझच्या भांड्यांविषयी लिहिताना 'ग्रीकांची नक्कल' हा शिक्का अजूनही सहज मारला जातो, आणि तो वाचला की मला मनापासून वाईट वाटते. इ.स.पू. ५व्या शतकात अथेन्सच्या क्रिटियासने कोणत्या प्रदेशाची कोणती वस्तू सर्वांत सरस, हे सांगणारी कविता रचली होती. तीत सोन्याच्या पेल्याचा आणि घराला शोभा आणून उपयोगी पडणाऱ्या ब्राँझच्या प्रत्येक वस्तूचा मान त्याने एट्रुस्कनांना दिला आहे. खुद्द ग्रीकाने दिलेली ही कबुली आपण का विसरावी?

वुल्ची या एट्रुस्कन शहराशी जोडली जाणारी चोचीची सुरई जवळून पाहावी. तिचे पोट हातोडीने ठोकून घडवलेले असते. ठोके पडतील तसे ब्राँझ कडक होत जाते, म्हणून ते पुन्हा पुन्हा तापवून नरम करावे लागते, नाहीतर तडा जातो. सुरईचा कान मात्र वेगळा ओतलेला असतो: आधी मेणाचा नमुना, त्यावर मातीचा साचा, मग मेण वितळवून त्या जागी धातू. असे दोन रीतींनी घडलेले भाग एकत्र आणताना जोड हीच खरी अडचणीची जागा असते, आणि तिथेच या कारागिरांची बुद्धी दिसते. कानाचे वरचे दोन हात काठाला दोन्ही बाजूंनी कवेत घेतात आणि खालचे टोक पानांच्या पंख्यासारखे पोटावर पसरते. त्यामुळे आधार आणि नक्षी वेगळी काढताच येत नाही. वस्तुसंग्रहालयांनी ही भांडी भिंतीला पाठ लावून न ठेवता चारी बाजूंनी पाहता येतील अशी मांडावीत, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

या सुरया आल्प्स ओलांडून पलीकडच्या केल्ट या प्राचीन युरोपीय लोकांच्या सरदारांच्या थडग्यांपर्यंत पोहोचल्या. फ्रान्समधील बास-यूत्स येथे १९२७ साली सापडलेल्या आणि आज ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या दोन सुरया केल्टिक कारागिरांनी एट्रुस्कन घाटावरूनच घडवल्या आहेत. त्यांना कोणी नक्कल म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे, कारण त्या कारागिरांनी घाट उचलला, त्यात पोवळी आणि लाल काच जडवली, आणि चोचीच्या टोकाशी एक लहानसे बदक बसवले, जे सुरई कलती केली की धारेत पोहत असल्यासारखे दिसावे.