गांधीनगरवर बहिष्कार कशासाठी?

‘कोल्हापूर फक्त कोल्हापूरकरांचं’ असा एक लांबलचक मेसेज सध्या घराघरांत फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला. कर्नाटकातल्या चिकोडीचं माहेर असलेल्या वहिनीनं तो वाचला आणि विचारलं, ‘म्हंजे मी बी भायरचीच व्हय?’ म्हणून हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं असं: कोल्हापूर पहिल्यापासून निव्वळ मराठी, कानडी आत्ता घुसली. शाहू महाराजांनी बाहेरच्यांना थारा दिला नाही. कर्नाटकातली कोल्हापुरी चप्पल नकली. आणि कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या सिंध्यांनी आपली जागा बळकावली, तेव्हा यंदा दिवाळीचं कापड तिथून घ्यायचं नाही.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो लोकांच्या पोटावर पाय देणारा आहे. आज गांधीनगर आहे त्या वळिवड्याच्या माळावर सिंधी यायच्या आधी पोलंडची माणसं राहत होती. 1940 साली स्टालिनच्या राजवटीनं पूर्व पोलंडमधली घरंच्या घरं उचलून सायबेरियाकडं नेली. त्यातून सुटलेले लोक, बहुतेक बायका आणि पोरं, इराणमार्गे भारतात आले आणि 1943 पासून वळिवड्याच्या बराकींत राहिले. सुमारे पाच हजार जण. तिथं त्यांची शाळा होती, चर्च होतं. 1948 पर्यंत ते निघून गेले आणि बराकी रिकाम्या झाल्या. फाळणीत सिंधमधलं घरदार सोडून आलेल्या निर्वासितांची सोय त्याच छावणीत झाली. ह्याला बळकावणं म्हणायचं? सगळं गमावून आलेल्यांनी तिथं कापडाची घाऊक पेठ उभी केली. आज लग्नाचा बस्ता बांधायला कोकणातून आणि बेळगावकडूनही लोक गांधीनगरला येतात. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक आहे, 2024 साली पंतप्रधानांनी तिथं जाऊन आदरांजली वाहिली. पोलंडचे लोक आपला आसरा दगडावर कोरून ठेवतात, आणि त्याच माळावर त्यांच्यामागून आलेल्यांशी आपण व्यवहार तोडायचा? लाज वाटायला हवी.

त्याच मेसेजात, ‘पोलंडच्या लोकांना शाहू महाराजांनी आश्रय दिला’ असंही लिहिलंय. महाराज 1922 सालीच गेले. महाराजांनी बाहेरच्यांना थारा दिला नाही म्हणणाऱ्यानं हे लिहावं! जयपूर-अत्रौली ह्या गायकीच्या घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब राजपुतान्यातले. त्यांना कोल्हापूर दरबारात महाराजांनीच आणलं. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ अंबाबाईच्या देवळात गायनसेवा करायचे, आणि त्यांच्याकडून तालीम घेतली ती धारवाडकडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांनी. खासबागेच्या मैदानात पंजाबचे मल्ल उतरले तेही महाराजांच्याच आश्रयानं.

आता कानडी. शिलाहार राजांचे कोरीव लेख वा. वि. मिराशींनी एकत्र संपादित केले आहेत, ते कुणीही उघडून बघावेत. कोल्हापूर-पन्हाळ्यावरून राज्य करणाऱ्या ह्या राजांच्या लेखांची भाषा संस्कृत आणि कानडी. त्यांतला गंडरादित्य तर तळं बांधतो आणि तिथं शिव, बुद्ध आणि जिन (जैन तीर्थंकर) अशा तिघांची स्थापना करतो. म्हणजे बाराव्या शतकात ज्या भाषेत इथले राजे दानं कोरून ठेवत होते, ती ‘आत्ता घुसली’?

एक गोष्ट मात्र मान्य करावीच लागेल. बेळगाव-निपाणीच्या मराठी माणसावर अन्याय झालाय आणि अजून होतोय. मराठी पाट्यांवरून तिथं जे चालतं ते ऐकून माझंही डोकं फिरतं. पण दोन राज्यांमधली ती रेघ 1956 सालची. आपला चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यात होता. भांडण सरकारांशी आहे. मंडईत बसणाऱ्या कानडी बाईशी आपलं काय वैर? तांबड्या रश्श्याला रंग आणणारी ब्याडगी मिरचीही पलीकडूनच येते.

राहिली चप्पल. 2019 साली कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून, चार महाराष्ट्रातले, चार कर्नाटकातले. कर्नाटकातल्या अथणीच्या कारागिरानं कातडं कमावून, वेणी घालून हातानं शिवलेली जोडी कायद्यानं अस्सल कोल्हापुरी आहे. नकली शोधायचीच असेल तर रेक्झिन मशीनवर ठोकून ‘कोल्हापुरी’ म्हणून खपवतात ती बघा. त्याविरुद्ध मेसेज काढा, मी स्वतः शंभर जणांना पाठवतो.