नोंद कोण करणार?

रात्रपाळीत कुणीतरी आमच्या आयन सोर्सच्या, म्हणजे कणांना वेग देणाऱ्या ॲक्सिलरेटरला आयन पुरवणाऱ्या यंत्राच्या, सिझियमच्या ओव्हनचं तापमान वाढवलं. लॉगबुकात एक ओळ नाही! तारीख टाकलेली, खाली पान कोरं. सकाळी मी येते तर ठिणगीमागून ठिणगी, आयन बाहेर खेचणारं एक्स्ट्रॅक्शनचं हाय व्होल्टेज सारखं ट्रिप. ओव्हनमधून येणारं सिझियम बेताचं असेल तर ऋण हायड्रोजन आयन भरपूर मिळतात. जास्त झालं की तेच इलेक्ट्रोडवर जाऊन बसतं आणि ठिणग्या पडतात. हे काय नव्यानं सांगायचं? परवा असाच न लिहिता हायड्रोजनचा प्रवाह बदलला, काल सोर्समधल्या विद्युत-विसर्गाचा, म्हणजे आर्कचा, करंट, आज हे! सोर्स बसला की पुढचा अख्खा ॲक्सिलरेटर ताटकळतो, आणि फोन मलाच येतात. अरे, सेटिंग बदलायला हात आहे, मग पेन धरायला का नाही? वेळ, जुना आकडा, नवा आकडा. तीन गोष्टी लिहायच्या असतात हो, तीन!