सेलममध्ये कुणालाही जाळलं नव्हतं
‘अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटकिणींना जिवंत जाळलं’ असा मजकूर ज्वाळांच्या चित्रासह फिरतोय. तो चुकीचा आहे. तिथे इंग्रजी कायदा होता आणि त्यात चेटकाला फाशीची शिक्षा होती, म्हणून चेटकाच्या आरोपाखाली १९ जणांना फाशी झाली. त्यांत पाच पुरुष होते. म्हाताऱ्या जाइल्स कोरींनी आरोपाला उत्तरच दिलं नाही, तर अंगावर दगड रचून त्यांचा जीव घेतला. जाळण्याची शिक्षा युरोपात, जर्मन प्रदेशांसारख्या ठिकाणी व्हायची. आणि ‘चेटकिणी’ तरी का म्हणायचं? साधी, निरपराध माणसं होती ती! तिथल्या स्मारकाच्या उंबऱ्यावर त्यांचेच ‘मी निर्दोष आहे’ असे शब्द कोरलेत. वाक्य अर्ध्यावर असतानाच स्मारकाची भिंत येते आणि शब्द तुटतात. त्याच खटल्यांत दोषी ठरलेल्या, पण फाशीतून वाचलेल्या एलिझाबेथ जॉन्सन कागदोपत्री निर्दोष ठरायला २०२२ उजाडलं.